शिरावरचे इनाम

१/ चित्रपट आणि व्हिडिओ गेममुळे ‘बाउंटी हंटर’ आपल्या पिढीच्या ओळखीचा झाला आहे : एकटा, निर्भय, इनामासाठी फरारींचा माग काढणारा. माझ्या मते आपल्या इतिहासात हा नायक शोधणे व्यर्थ आहे.

२/ आधी शब्द पाहू. ‘बाउंटी’चे मूळ लॅटिन ‘बोनितास’, म्हणजे चांगुलपणा. फ्रेंचमार्गे इंग्रजीत येऊन त्याचा अर्थ औदार्य, मग राजाची देणगी आणि पुढे फरारी पकडण्याचे बक्षीस असा झाला.

३/ आपला ‘इनाम’ हा अरबी शब्दही मुळात ‘कृपा’ याच अर्थाचा. नांदेड-लातूरच्या खेड्यांत इनाम म्हटले की आजही जमीन आठवते : देवस्थानाची, दर्ग्याची, गावच्या सेवेची. हैदराबाद संस्थानातील इनामे रद्द करण्यासाठी १९५४ चा कायदा झाला. हाच कृपेचा शब्द माणसाच्या शिरावरही लागला.

४/ अमेरिकेत या धंद्याला जामीन व्यवस्थेचा आधार मिळाला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८७२ च्या ‘टेलर विरुद्ध टेंटर’ खटल्यात फरारी आरोपीला पकडण्याचे जामीनदाराचे व्यापक अधिकार मान्य केले. आपल्याकडे असा धंदा रुजला नाही. मग इनामे कोणाच्या हाती गेली?

५/ उमाजी नाईकांना १८३१ मध्ये पकडून देण्यात त्यांच्याच जुन्या साथीदारांचा हात होता. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी झाली.

६/ १७ जुलै १८५७ रोजी हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हल्ला करणारे तुर्रेबाज खान कैदेतून निसटले, तेव्हा त्यांच्यावर ५,००० रुपयांचे इनाम लागले. जानेवारी १८५९ मध्ये तूप्रानजवळ त्यांना गाठले ते निजामाच्याच एका तालुकदाराने.

७/ १८९७ मध्ये रँडच्या मारेकऱ्यांसाठी २०,००० रुपये जाहीर झाले. चापेकरांची माहिती दिली द्रविड बंधूंनी, म्हणजे पुण्यातल्या ओळखीच्याच माणसांनी. फेब्रुवारी १८९९ मध्ये त्या दोघांचीही हत्या झाली.

८/ साथीदार, अधिकारी, ओळखीचा. तिन्ही प्रसंगांत अनोळखी शिकारी कोठेच नाही. सरकारजवळ फौज होती, बंदुका होत्या. नव्हती ती डोंगरातली वाट आणि घरातली बातमी. इनाम त्यासाठीच होते. ते शौर्याचे मोल नव्हते, ती विश्वासाची किंमत होती. आपल्या भाषेत त्यासाठी जुना, नेमका शब्द आहे : फितुरी.

९/ तरीही फितुराला केवळ शिव्या देऊन थांबणे मला पटत नाही. इनाम घेणाऱ्याचे नाव आपण पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवतो. देणारा मात्र ‘सरकार’ या बिनचेहऱ्याच्या शब्दाआड निसटतो. पुढच्या वेळी एखाद्याच्या शिरावरील इनामाचा आकडा वाचाल, तेव्हा तो त्या माणसाच्या पराक्रमाचे मोजमाप समजू नका. त्याच्या माणसांना फोडण्यासाठी सत्तेला किती मोजावे लागेल, याचा तो सत्तेनेच केलेला अंदाज असतो.