बिभा, संतमस आणि आपल्या गावचे हायमास्ट

भोर-वेल्ह्याच्या मंडळींनो, 2019 साली आंतरराष्ट्रीय खगोल संघाने प्रत्येक देशाला एक तारा आणि त्याचा ग्रह नाव ठेवायला दिला. आपल्या वाट्याला आला एचडी 86081, सुमारे 340 प्रकाशवर्षं लांबचा. ताऱ्याचं नाव ठेवलं बिभा, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरींवरून. ग्रहाचं संतमस, आणि हे सुचवलं पुण्यातल्या 13 वर्षांच्या शाळकरी पोराने! ग्रह गुरूच्या दीडपट जड, पण ताऱ्याला इतका चिकटून फिरतो की त्याचं वर्ष आपल्या दोन दिवसांत उरकतं.

बिभा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मार्च-एप्रिलमध्ये सिंह राशीच्या खाली छोट्या दुर्बिणीतून शोधावा लागतो. त्याला अंधार लागतो, आणि तो तोरणा-राजगडाच्या पायथ्याला अजून शिल्लक आहे. पण हायमास्ट आणि रिसॉर्टचे फ्लडलाइट आभाळच उजळत बसलेत. बिल मात्र आपण भरायचं.

दिवे नकोत असं म्हणत नाही. रात्री मोटार चालू करायला शेतावर जाणाऱ्याला उजेड हवाच, पण तो पायाखाली. पेंचला जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं, तेव्हा आसपासच्या गावांत खाली तोंड असलेले पथदिवे बसवले. येत्या ग्रामसभेत नवीन दिव्यांचा ठराव आला की एवढंच विचारा: याला वरून टोपी आहे का?