पनीर कशाला, पाटवडी रांधा

समृद्धी महामार्गावरून मेहकरला खाली उतरलं की रस्त्याच्या कडेला हॉटेलांच्या पाट्या सुरू होतात. मटण खाणाऱ्याला तिथं गावरान रस्सा मिळतो, ज्वारीची भाकर मिळते, वर कांदा-लिंबू. शाकाहारी माणसापुढं मात्र पनीर मसाला, पनीर हंडी, पनीर कढाई, फार तर शेवभाजी. लोणारचं सरोवर पाहायला लांबलांबून लोक येतात, शेगावला तर रोजच रीघ असते. वऱ्हाडात येऊन ही माणसं जे जेवतात ते दिल्लीतही मिळतं. मला याचं वाईट वाटतं, कारण मटणाच्या रश्शाच्या तोडीचं जेवण आमच्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या रांधलं जातं. पाटवडी रस्सा, म्हणजे बेसनाच्या वड्या आणि वर झणझणीत रस्सा. नागपूरच्या सावजी भोजनालयांनी तिला आपल्या पाटीवर जागा दिली. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात ती अजून चुलीपाशीच अडकून आहे.

पाटवडी रुजली ती मटण खाणाऱ्या घरांतही. आमचंच घर घ्या. धुळवडीला मटण ठरलेलं. पण मामाजी, म्हणजे माझे सासरे, माळकरी, आषाढीची वारी न चुकवणारे. त्यांच्यासाठी आत्याबाई, माझ्या सासूबाई, दुसऱ्या चुलीवर वेगळं पातेलं चढवायच्या, त्याची पळीही वेगळी. मसाला मात्र दोन्हीकडे तोच. पाट्यावर वाटून झाला की मटणाला हात लागायच्या आधी माळकऱ्याचा गोळा बाजूला काढून ठेवलेला असे. मामाजी एकटे वरण-भातावर बसलेत आणि बाकीचे रस्सा ओरपताहेत, असं आमच्याकडे कधी झालं नाही. सगळ्यांच्या कपाळाला घाम एकाच वेळी फुटायचा. मटण खाणारी पोरंही शेवटी मामाजींच्या पातेल्यातल्या दोन वड्या मागून घ्यायची.

रश्शाची मेहनत मटणासारखीच करावी लागते, आणि हॉटेलवाले नेमकी तीच टाळतात. कांदा सोलायचा नाही. सालासकट विस्तवात टाकायचा. वरून काळा पडून आत मऊ झाला की मग साल काढायची. खोबऱ्याची वाटी जाळावर धरून तिचं तेल सुटेपर्यंत भाजायची. धने, जिरे, खसखस, लवंग, मिरे, दगडफूल कोरडं भाजून घ्यायचं आणि आलं-लसणासोबत सगळं बारीक वाटायचं. तेलात हात आखडायचा नाही. वाटण कडेनं तेल सोडेपर्यंत परतायचं, तिखट टाकायचं आणि लगेच उकळतं पाणी. "थंडं पानी टाकू नको व बाई, तर्री बसून जाते," हे आत्याबाईंचं सांगणं मी आता माझ्या सुनेला सांगते. रस्सा पातळच हवा, कारण वडी पुढं तो पिऊन घेते.

वडीचं गणित वेगळं. वाटीभर बेसनाला दीड वाटी पाणी. फोडणीत जिरं, लसूण, हिरवी मिरची, हळद. पाण्याला उकळी आली की एका हातानं पीठ सोडायचं आणि दुसऱ्या हातानं लाकडी दांड्यानं घाटत राहायचं. गुठळी झाली तर ती ताटात दिसतेच. झाकण ठेवून दणदणीत वाफ काढायची. गोळा भांड्याची कड सोडू लागला की तेल लावलेल्या ताटात ओतून ओल्या हातानं थापायचा. वर खोबऱ्याचा कीस, खसखस, बारीक चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर. गार झाल्यावरच सुरी लावायची. अशी वडी रश्शात बुडवली तरी मोडत नाही, आणि दाताखाली येते तेव्हा पोट भरणारं काही खातोय हे कळतं.

पनीरमध्ये मला हे मिळत नाही. ते ग्रेव्हीत पोहत राहतं, रस आत घेत नाही. त्यात बनावट पनीर पकडल्याच्या बातम्या येतच असतात. वसतिगृहांत सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा करतात. सोयाबीन आमचंच पीक आहे आणि त्या वड्या पौष्टिक आहेत हेही खरं. पण कितीही शिजवल्या तरी त्यांना आपली म्हणून चव येत नाही. प्रथिनांचीच काळजी असेल तर १०० ग्रॅम हरभरा डाळीत ती साधारण २० ते २२ ग्रॅम असतात, म्हणजे पनीरपेक्षा कमी नाहीत.

आणि हरभरा आपल्या शेतात पिकतो. सोयाबीन निघालं की चिखली, मेहकर, लोणारकडं रानंच्या रानं हरभऱ्याची होतात. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा 'जॅकी ९२१८' हा हरभऱ्याचा वाण आमच्याही शेतात असतो. २०२५-२६ च्या रब्बी विपणन हंगामासाठी हमीभाव क्विंटलला ५,६५० रुपये होता. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं पिवळा वाटाणा बिनशुल्क आयात करायला परवानगी दिली आणि पुढं मुदत वाढवत नेली. स्वस्त वाटाण्यामुळं हरभऱ्याचा भाव दबतो, आणि त्या वाटाण्याचंच पीठ बेसनात मिसळून आपल्या स्वयंपाकघरात येतं. म्हणून मी डाळ घरची भरडते आणि गिरणीवर समोर उभी राहून दळून आणते. ज्या जिल्ह्यात एवढा हरभरा होतो तिथल्या लग्नात पाचशे माणसांना बाहेरून आणलेलं पनीर वाढावं, हे मला पटत नाही.

आचारी म्हणतात, पाटवडीला वेळ लागतो. लागतोच. पण वडी सकाळी थापून ठेवली तर रात्रीपर्यंत छान राहते आणि रश्शाचा मसाला आदल्या दिवशी वाटून ठेवता येतो. पंगतीत फक्त एवढं पाळायचं: वड्या आधीच पातेल्यात टाकून ठेवायच्या नाहीत. ताटात दोन-तीन वड्या वाढायच्या, वरून कढत रस्सा. पापड-कुरडया करणाऱ्या बचत गटाच्या बायका गावोगावी आहेत. वड्या थापायचं काम त्यांना दिलं तर आचाऱ्याचं ओझं कमी होईल आणि चार पैसे गावातच राहतील. १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीला सिंदखेडराजात मोठी गर्दी लोटते, तिथं बचत गटांनी पाटवडी-भाकरीचा स्टॉल लावून बघावा. शेगावच्या कचोरीचं नाव दूरवर गेलं ते स्टेशनावर ती विकायला ठेवली म्हणूनच.

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या पुतण्याचं लग्न आहे. पनीर काढून पाटवडी ठेवायची, असं घरात ठरलं आहे. बेसन आमच्या हरभऱ्याचं देणार आहोत, आणि कांदे विस्तवात भाजायला मी स्वतः बसणार आहे.