प्रकल्प कोणाचा?

दिवाळीच्या सुट्टीत महाराष्ट्रातील मुले किल्ला करतात. अंगणात किंवा इमारतीच्या आवारात दगड-विटा रचल्या जातात, त्यांवर ओले गोणपाट पसरून चिखल लिंपला जातो आणि उतारावर अळीव पेरले जातात. शिखरावर सिंहासनाधिष्ठित महाराज, पायथ्याशी मावळे. बुरूज ढासळला तर तो पुन्हा उभारण्याचे कामही मुलांचेच. या किल्ल्याला शाळेत गुण मिळत नाहीत. म्हणूनच बहुधा वडीलमंडळी त्यात फारसा हात घालीत नाहीत. आईचे घमेले मात्र न विचारता पळवले जाते.

हाच किल्ला शाळेने ‘प्रकल्प’ म्हणून सांगितला की चित्र पालटते. वडील कामावरून परतताना पुठ्ठा आणि रंग आणतात, आई रात्री उशिरापर्यंत तटबंदी कापत बसते, आणि ज्याचे नाव त्या पुठ्ठ्यावर लिहायचे ते मूल केव्हाच झोपी गेलेले असते. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकापासून तालुक्याच्या गावापर्यंत वह्या-पुस्तकांच्या दुकानांत नेते, प्राणी, वाहने यांच्या छापील चित्रांचे कागद मिळतात. कापायचे आणि चिकटवायचे. चंदीगडलगतच्या मोहालीत, सेक्टर ६७ सारख्या वसाहतींतही उन्हाळी सुट्टीतील गृहपाठाची तऱ्हा फारशी निराळी नसते.

मूळ कल्पना अशी नव्हती. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली प्रकल्पपद्धती मांडली, तेव्हा मुलाने स्वतःच्या हेतूने आणि मनापासून केलेले काम हा तिचा गाभा होता. १९३७ साली वर्धा येथील शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले. तेथेही टकळी फिरवायची ती मुलानेच, शिक्षकांच्या देखत. महाराष्ट्रात २०१० साली पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक अशा साधनांच्या यादीत प्रकल्पालाही स्थान मिळाले. हेतू चांगला होता: लेखी परीक्षेचा धाक कमी व्हावा. परंतु जे काम शिक्षकांच्या नजरेआड, घरी होते, त्याचे मूल्यमापन करताना शिक्षकांपुढे केवळ तयार वस्तू येते. ती कोणाच्या हातची, हे त्यांना अनेकदा कळतही असते. भरलेल्या वर्गात एकेकाला विचारत बसायला सवड कोठली?

खरा अन्याय यापुढे आहे. ज्या घरी संगणक आहे, रंगीत छपाईला पैसे आहेत, संध्याकाळी मोकळे असणारे शिकलेले माणूस आहे, त्या घरचा प्रकल्प देखणा होतो. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांचे मूल आजीजवळ राहून शिकत असेल, तर त्याने पुठ्ठा कोणाकडे मागावा? त्याने स्वतः, वाकड्यातिकड्या अक्षरांत केलेले काम देखण्या प्रकल्पाशेजारी मांडले की ते फिके दिसते, आणि गुणही तसेच पडतात. मग गुण कोणाला मिळाले, मुलाला की घराच्या मिळकतीला? मुक्त विद्यालयात नाव घालून पुन्हा शिकू लागलेली एखादी आईदेखील आपला स्वाध्याय बाजूला सारून मुलीचा प्रकल्प पुरा करते. दोघींचेही शिकणे त्या रात्री राहून जाते.

प्रकल्प बंद करावेत, असे मात्र कोणी म्हणू नये. ते शाळेच्या वेळेत, शाळेतील साहित्याने व्हावेत, आणि मुलाने चार वाक्ये उभे राहून सांगितल्यावाचून गुण देऊ नयेत. घरी द्यायचेच असतील तर पुठ्ठ्याऐवजी माणसांची गरज लागणारे द्यावेत. १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली. त्यापूर्वीची पायली, अधोली, शेर, चिपटे ही मापे आजीच्या तोंडी अजूनही असतात. एका पायलीत किती चिपटी, हे आजीला विचारावे, घरातील डब्याने ज्वारी मापून पाहावी आणि वहीत लिहावे. आजीला अक्षरओळख नसली तरी अडत नाही. लिहिणे नातवाकडे, सांगणे तिच्याकडे.