मेरिटवाल्यांच्या पायदानावर थुंकून

परवा भाईंदर स्टेशनबाहेरच्या टपरीवर एका कॉलेजकुमाराने मला जगातली सर्वश्रेष्ठ दहा गाणी ऐकवली. रॉक आणि पॉप. दहाही गोऱ्यांची. मी म्हटलं, आमचे वामनदादा कुठायत? तर हसला साला. म्हणे, ‘भीमगीत म्हणजे प्रचार. इथं मेरिट लागतं.’

मेरिट! शाळेत मेरिट, नोकरीत मेरिट, आता गाण्यातपण? १९५२ साली सुरू झालेल्या बिनाका गीतमालेत अमीन सयानी गाण्यांची पायदानं सांगायचे आणि अख्खा देश रेडिओला कान लावून बसायचा. कार्यक्रम फिल्मी गाण्यांचा, मान्य. पण वस्त्यावस्त्यांत रात्र रात्र रंगणारे आंबेडकरी जलसे कुणाच्या शिडीवर होते? कुणाच्याच नाही. उतरंड म्हणजे काय ते आम्हाला शिकवू नका. तळाचं मडकं आम्हीच आहोत.

तर ही घ्या माझी यादी. गोदीतली पाळी संपवून लोकलच्या दारात उभ्याने ऐकलेली. खालून वर.

चौथं : ‘हाउंड डॉग’. एल्विसचं नव्हे, बिग ममा थॉर्नटनचं. लिहिलं दोन गोऱ्या पोरांनी, पण तिच्यासाठी. १९५२ साली या काळ्या बाईने रेकॉर्ड करताना त्यात जीव ओतला. १९५६ साली एल्विस प्रेस्लीने तेच गायलं आणि तो राजा झाला. घाम तिचा, मुकुट त्याचा. ओळखीचं वाटतंय ना?

तिसरं : नीना सिमोनचं ‘मिसिसिपी गॉडॅम’, १९६४. आदल्या वर्षी मेडगर एव्हर्सला घराच्या अंगणात गोळी घातली, बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्बने चार पोरी मारल्या. नीना रडत बसली नाही, तिने शिवी हासडली. प्रचार? होय, प्रचार! ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी गळफास लावून घेतला. त्या गळ्याचं मेरिट कुठल्या फुटपट्टीने मोजणार?

दुसरं : अरेथा फ्रँकलिनचं ‘रिस्पेक्ट’, १९६७. मूळ गाणं ओटिस रेडिंगचं, पुरुषाचं. हिने ते बाईचं केलं. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने २००४ साली ५०० श्रेष्ठ गाण्यांची यादी काढली. पहिला बॉब डिलन, अरेथा पाचवी. २०२१ साली नव्याने मतं घेतली. अरेथा पहिली, डिलन चौथा! मधल्या सतरा वर्षांत रेकॉर्डवरचा एक सूर हलला नव्हता. हलले ते मतं देणारे. बाबा रे, हेच तुझं मेरिट. पेपर तपासणारा बदलला की मार्क बदलतात. म्हणून तपासणाऱ्याच्या खुर्चीत आमची माणसं पायजेत. ती भीक नव्हे, हिशोब आहे.

आणि पहिलं : वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस. १९२२ चा जन्म, शाळा नाही, अक्षरं शिकले तीही मोठेपणी. बाबासाहेबांच्या मताची निदान पाच माणसं असती तर काय झालं असतं, असं विचारणारं त्यांचं गाणं माझ्या यादीत वर आहे. ते सदाशिवपेठेला शिव्या देत नाही. ते आपल्याला विचारतं. गटागटांत फुटलेल्या पुढाऱ्यांना विचारतं. १४ एप्रिलला डीजेच्या भिंतीसमोर नाचणाऱ्या तुला नि मला विचारतं. त्या धडधडाटात ते गाणंही वाजतं, पण शब्द कुणाला ऐकू येतात?

कॉलेजकुमाराला उत्तर देऊन झालं. तो काही आपला खरा प्रश्न नाही. मित्रांनो, दादांनी लाख नव्हते मागितले, पाच मागितले होते. आज रात्री आपापल्या चौकात उभे राहा आणि मोजा.

भरले पाच?

जय भीम.