मित्रबुरशीची पाकिटे तपासा, फवारणाऱ्यांना संरक्षण द्या

प्रति,
मा. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, पालघर

विषय : डहाणू व तलासरी तालुक्यांत विकल्या जाणाऱ्या बुरशीजन्य कीटकनाशकांची तपासणी व फवारणी मजुरांची सुरक्षितता.

महोदय,

आम्ही या दोन तालुक्यांतील चिकू-नारळ बागायतदार, मिरची व भात पिकवणारे शेतकरी आणि बागांत फवारणीला जाणारे मजूर आहोत. बिव्हेरिया, मेटारायझियम, व्हर्टिसिलियम या मित्रबुरशींना आमचा विरोध नाही, उलट त्या आम्हाला हव्या आहेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात रासायनिक फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. ती वेळ आमच्या पाड्यांवर येऊ नये, म्हणूनच आम्ही मित्रबुरशींकडे वळत आहोत.

या बुरशींचे बीजाणू किडीच्या अंगावर रुजतात आणि कातडी भेदून आत वाढतात. माणसाच्या शरीराच्या उष्णतेत त्यांचे बहुतेक वाण वाढत नाहीत. तरीही कोरडी पावडर कालवताना ती नाकाडोळ्यांत जाते. दमेकऱ्याला त्रास होऊ शकतो, डोळ्याला संसर्ग झाल्याची क्वचित उदाहरणेही वैद्यकीय नोंदीत आहेत. पंप पाठीवर घेणाऱ्या मजुराला हे कोणी सांगत नाही. मास्क, हातमोजे, चष्मा त्याला मिळालाच पाहिजे.

आमची खरी चिंता पाकिटात काय आहे याची आहे. बिव्हेरियाच्या भुकटीत दर ग्रॅमला किमान १० कोटी जिवंत बीजाणू असावेत आणि साल्मोनेला, शिगेलासारखे रोगजंतू मुळीच नसावेत, असे नोंदणीचे निकष सांगतात. पत्र्याखालच्या तापलेल्या दुकानात महिनोन्‌महिने पडलेल्या पाकिटात किती बीजाणू जिवंत उरत असतील? ‘जैविक’ म्हणून घेतलेल्या औषधात रसायन मिसळलेले असेल, तर मजूर बेसावधपणे विष अंगावर घेतो. शेतकऱ्याला हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. प्रयोगशाळाच सांगू शकते.

म्हणून कीटकनाशक कायदा, १९६८ खाली निरीक्षकांनी दोन्ही तालुक्यांतील दुकानांतून नमुने घ्यावेत. बीजाणूंची संख्या, रोगजंतू आणि रासायनिक भेसळ या तिन्हींची तपासणी व्हावी आणि निकाल ग्रामपंचायतींच्या फलकांवर लागावेत. नोंदणी क्रमांक नसलेला वा मुदत संपलेला माल जप्त व्हावा. विक्रेत्यांना थंड साठवण सक्तीची करावी.

कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रामार्फत पाड्यापाड्यांवर प्रात्यक्षिके घ्यावीत, तीही वारली बोलीत आणि चित्रांसह, कारण पाकिटावरचा बारीक मजकूर अनेकांना वाचता येत नाही. फवारणी संध्याकाळी करावी हे तिथे आवर्जून सांगावे : कडक उन्हात बीजाणू मरतात, आणि संध्याकाळी मोहरावर मधमाश्याही कमी असतात. बुरशीनाशकाबरोबर हे औषध एकाच पंपात मिसळू नये, हेही सांगावे. प्राथमिक आरोग्य केंद्रांना या औषधांची माहिती लेखी द्यावी.

पावसाळी फवारणी सुरू होण्यापूर्वी पहिले नमुने घेतले जावेत आणि केलेल्या कारवाईचे लेखी उत्तर आम्हाला मिळावे, ही विनंती.

आपले,
डहाणू व तलासरी तालुक्यांतील शेतकरी, बागायतदार व फवारणी मजूर

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी, पालघर, तालुका कृषी अधिकारी, डहाणू व तलासरी