पिशवी काढण्याआधी तीन महिने द्या

बीपी दाखवायला आलेली बाई तपासणी झाल्यावर दाराशी घुटमळते आणि हळूच विचारते, "डॉक्टर, खोकलं की लघवी सुटते. वयाचंच असेल ना?" वयानुसार हा त्रास वाढतो हे खरं, पण म्हणून तो सोसत बसायचं कारण नाही.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर पेललेले असतात. बाळंतपणं, रजोनिवृत्ती, लठ्ठपणा, जुना खोकला, शौचाला कुंथणं, जड ओझी उचलणं यांमुळे ही झोळी सैल पडते. मग लघवी निसटते किंवा 'अंग बाहेर येतं'.

अशा वेळी "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" असा सल्ला घरीदारी मिळतो. माझं मत स्पष्ट आहे: त्रास फार तीव्र नसेल तर आधी बिनऑपरेशनचे उपाय करा. नुसती पिशवी काढल्याने सैल स्नायू घट्ट होत नाहीत.

केगल व्यायाम: डॉ. अर्नोल्ड केगल यांनी 1948 साली हे व्यायाम मांडले. वायू अडवताना आवळतो तसे स्नायू आत-वर ओढा, 5 ते 10 सेकंद धरा, तेवढाच वेळ सैल सोडा. असं 8 ते 10 वेळा, दिवसातून तीनदा, किमान 3 महिने. श्वास रोखू नका. अनेकजणी चुकून खाली जोर लावतात, म्हणून एकदा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

पेसरी: अंग बाहेर येत असेल तर डॉक्टर योनीमार्गात मापाची सिलिकॉनची रिंग बसवतात. तिची वेळोवेळी तपासणी मात्र हवीच.

सवयी: वजन आणि बद्धकोष्ठता कमी करा. लघवीची घाई होत असेल तर चहा-कॉफी कमी करा, दोन वेळांमधलं अंतर 10-15 मिनिटांनी हळूहळू वाढवा. पाणी पिणं तोडू नका.

एवढं करूनही फरक पडला नाही, तर ऑपरेशन हा चांगला पर्याय आहेच. लघवीत रक्त, लघवी अडकणं किंवा पाळी गेल्यावर रक्तस्राव असेल तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा.

आम्ही डॉक्टरांनी हे आपणहून विचारायला हवं, ही आमची चूक मी मान्य करतो. पण पुढच्या वेळी तुम्हीही दाराशी नको, खुर्चीत बसूनच सांगा.