बंबाचं पाणी

काशीदला जाऊन आल्याला दोन महिने होत आले. फोटो सगळ्या नातेवाइकांना केव्हाच पोचले आहेत, त्यामुळे हे प्रवासवर्णन नाही. किनारा तीनेक किलोमीटर लांब आहे, वाळू पांढरी आहे, सुरूची झाडं आहेत, अलिबागहून मुरूडकडे जाताना रेवदंड्याची खाडी ओलांडली की पुढे लागतं... हे सगळं तुम्हाला माहीतच आहे. मला सांगायचं आहे ते त्या घराबद्दल, जिथे आम्ही अकरा जण दोन रात्री राहिलो, आणि जिथे मी जरा वाईट वागलो त्याबद्दल.

घर म्हणजे घरच. पुढे ओटी, मागे वाडी, बाजूला काढलेल्या तीन खोल्या. पाटी वगैरे काही नाही. बुकिंगच्या आधी आमच्यात जोरदार भांडण झालं होतं. आतेभावाला (वाचतो आहेस ना रे? तुझी परवानगी घेतली आहे) स्विमिंग पूल असलेलं रिसॉर्ट हवं होतं. "समोर अख्खा अरबी समुद्र असताना पूल कशाला?" हा माझा मुद्दा. "समुद्रातून आल्यावर अंगावरचं मीठ कुठे घालवणार?" हा त्याचा. शेवटी बाबा म्हणाले, घरगुतीच बघा, मला माशाचं कालवण घरचं पाहिजे. विषय संपला.

आता जरा जपानला जाऊन येऊ. काशीदबद्दल जे वाटलं ते तिकडच्या एका मुक्कामाशिवाय सांगता येणार नाही.

२०१९ साली कामानिमित्त जपानला गेलो होतो, तेव्हा शनिवार-रविवार जोडून मात्सुयामाला गेलो. चांगलं मोठं शहर आहे. स्टेशनबाहेरून ट्राम पकडायची आणि शेवटच्या थांब्यावर उतरायचं, तिथे दोगो नावाचे गरम पाण्याचे झरे. म्हणजे आपल्याकडे कसं, झरा म्हटला की डोंगर, देऊळ, कच्चा रस्ता. तिथे ट्रामचा थांबा, दुकानांची छपराखालची गल्ली, आणि गल्लीच्या टोकाला १८९४ साली बांधलेलं तीन मजली लाकडी स्नानगृह. वरच्या मनोऱ्यात नगारा आहे, तो पहाटे सहाला वाजतो. मी गेलो तेव्हा इमारतीची डागडुजी नुकतीच सुरू झाली होती. अर्धी इमारत झाकलेली, पण अंघोळ बंद नव्हती. ते काम पुढे पाच वर्षं चाललं आणि जुलै २०२४ मध्ये सगळी इमारत पुन्हा खुली झाली.

त्याच गल्लीजवळ एका ऱ्योकानमध्ये उतरलो. ऱ्योकान म्हणजे जुन्या पद्धतीची सराई. खोलीत गवताच्या विणलेल्या चटया, बसकं टेबल, पलंग नाही. रात्री जेवण झालं की कोणीतरी येऊन गादी घालून जातं. पाहुण्याला घालायला सुती यूकाता देतात, आणि तोच घालून माणसं टोपलीत टॉवेल घेऊन बिनदिक्कत रस्त्याने स्नानगृहाकडे चालत जातात.

माझं पहिल्या पाच मिनिटांतच चुकलं. दारात बूट काढले, दिलेल्या सपाता घातल्या आणि त्या सपातांसकट खोलीतल्या चटईवर पाय ठेवला. साठीच्या एक बाई सामान घेऊन मागून येत होत्या. त्या इतक्या हळू आवाजात "अं..." म्हणाल्या की मी पाय उचलून तसाच उभा राहिलो. मग जेवणाची वेळ विचारली. साडेसहा. मी म्हटलं, आठला चालेल का? त्यांनी हसून, कमरेत वाकून, अतिशय आदबीने नाही म्हटलं. जेवणात काय आहे ह्यालाही पर्याय नव्हता. जे आहे ते आहे. कुंडात उतरण्याआधीही बाहेर छोट्या स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचं, सगळा साबण निघाला की मगच पाण्यात. ते पाणी सगळ्यांचं. तिथे फक्त बसायचं.

खरं सांगू? पहिल्या तासाभरात मला राग आला होता. पैसे मी देणार (आणि तिथे माणशी, दोन्ही वेळच्या जेवणासकट, चांगलेच पैसे द्यावे लागतात) आणि नियम ह्यांचे? पण साडेसहाला जेवायला बसलो, साडेआठला परत गरम पाण्यात जाऊन आलो, आणि कित्येक वर्षांत झोपलो नव्हतो तसा झोपलो. बाहेर शहर होतंच. उंबरठ्याच्या आत मात्र त्या घराची चाल होती, आणि दोन दिवस मीही त्या चालीने चाललो. माझ्या मते मी पैसे मोजले ते ह्याच गोष्टीचे. पाण्याचे नव्हेत.

पाण्याचंच म्हणाल तर आपल्याकडे काय कमी आहे? जपानमध्ये १९४८ सालचा गरम झऱ्यांचा कायदा आहे. त्यात झऱ्याचं पाणी २५ अंश असलं तरी ते 'ओन्सेन' ठरतं (काही ठरावीक क्षार असतील तर त्याहून थंड असलं तरी चालतं). २५ अंश म्हणजे आपल्या मे महिन्यातल्या नळाच्या पाण्यापेक्षाही गार! आणि आपल्या कोकणात वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून थेट राजापूरपर्यंत गरम झऱ्यांची ओळच्या ओळ आहे. दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्याचं पाणी सत्तर अंशांच्या घरात. ज्वालामुखी नाही, काही नाही. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खूप खोल जातं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. गावांची नावंच बघा ना. पालीजवळ उन्हेरे, दापोलीकडे उन्हवरे, राजापूरला उन्हाळे. आपण 'ऊन ऊन भात' म्हणतो तेच हे ऊन. ज्या भाषेने गावांना गरम पाण्याची नावं दिली, त्या भाषेतल्या माणसांना ह्या पाण्याकाठी एक चांगली सराई चालवता येऊ नये ह्याची मला फार वर्षं हळहळ वाटायची.

काशीदला जाऊन आल्यावर ती हळहळ जरा वेगळ्या दिशेने वळली.

काशीदला गरम झरा नाही. पण त्या घराच्या मागे, न्हाणीघराला लागून, तांब्याचा बंब होता. काकू (घरच्या मालकीणबाई, आम्ही सगळे काकूच म्हणत होतो) त्यात नारळाची सोडणं आणि करवंट्या घालायच्या. पहिल्या दिवशी समुद्रावरून खारट, चिकट, थंडीने काकडत आलो तर काकू ओशाळं हसत म्हणाल्या, "खोल्यांत गीझर आहे हां. हे आपलं आमच्यासाठी." बाबा म्हणाले, "मला हेच द्या." घंगाळात ऊन पाणी विसणलं, बाबा पाटावर बसले, आणि अर्धा तास बाहेर येईनात. आतून तंबोऱ्यासारखा एक सूर मात्र येत होता. धुराचा वास असलेलं ते पाणी मीही घेतलं. मात्सुयामा आठवलं, खोटं कशाला सांगू.

आणि काकू त्याच बंबाबद्दल ओशाळल्या होत्या!

का, ते संध्याकाळी कळलं. काकूंनी विचारलं, रात्री पोपटी लावू का? वालाच्या शेंगा आल्यात, भांबुर्डाही आहे. (पोपटी ज्यांना माहीत नाही त्यांनी थंडीत रायगडात जावं, मी वर्णन करणार नाही.) आमच्यातल्या मुलांनी एकमुखाने पनीर मागितलं. मोठ्यांपैकी कोणी काही बोललं नाही. मीही नाही. काकूंचा मुलगा मोटारसायकल काढून पनीर आणायला गेला. मग मी भर घातली. आमचा पत्त्यांचा डाव रंगला होता, म्हणून जेवण साडेनऊला करा म्हणालो. साडेनऊचे सव्वादहा झाले. भाकऱ्या गरमच हव्यात म्हणून काकू चुलीपुढे थांबून राहिल्या. अकरा वाजून गेल्यावर त्या जेवायला बसल्या हे मी खिडकीतून पाहिलं, आणि पहाटे पाचला बंब पेटल्याचा धूर आला तेव्हा मला पुन्हा झोप लागली नाही.

मात्सुयामात साडेसहा म्हणजे साडेसहा हे निमूट ऐकणारा मीच, बरं का. तिथल्या बाईंचं "अं..." मला संस्कृती वाटलं. इथे काकूंनी "साडेआठला जेवून घ्या" म्हटलं असतं तर मी परत आल्यावर चार लोकांना सांगितलं असतं, जागा छान आहे पण सर्व्हिस यथातथाच. आणि खोल्या ठरवताना "आम्ही अकरा जण आहोत, काहीतरी कमी करा" म्हणून घासाघीस केली ती वेगळीच.

सकाळी चहा घेताना काकूंशी बोलत बसलो. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात वाडीतल्या बहुतेक पोफळी आडव्या झाल्या. नारळही गेले. नवी पोफळ लावली तरी फळ धरायला पाच-सात वर्षं. तोवर खायचं काय? म्हणून खोल्या वाढवल्या. "आता मागे पूल करायचा म्हणतात हे," काकू म्हणाल्या. "फोनवर लोक पहिलं तेच विचारतात, पूल आहे का." मी विचारलं, पाणी कुठलं? त्यांनी विहिरीकडे बोट दाखवलं. मेमध्ये तिचं पाणी मचूळ होतं, प्यायला चालत नाही. उरलेल्या पोफळीही त्याच पाण्यावर.

मी जुन्याचं कौतुक करायला लागलो. बंब, चूल, वाडी, हेच खरं वैभव वगैरे. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला दोन दिवस बरं वाटतं. धूर आमच्या डोळ्यांत जातो."

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही. पण दोन महिने विचार करून जे वाटतं ते लिहितो, पटलं नाही तर सांगा.

जुनं ते सगळं ठेवा असं म्हणायचा आपल्याला हक्क नाही. जपानातही सगळं टिकलेलं नाही. १९८०च्या सुमारास तिथे ऐंशी हजारांहून जास्त ऱ्योकान होते, २०१५च्या आसपास ते निम्म्यावर आले. टिकले त्यांतल्या अनेकांनी आत काँक्रीट घातलं, गॅस घेतला, काहींनी पलंगही ठेवले. तेव्हा काकूंनी गीझर बसवला तर बसवू देत, बंबाला धुराडं लावलं तर उत्तमच. माझं म्हणणं वेगळं आहे. घराने आपली वेळ, आपलं ताट आणि आपली रीत पाहुण्याला सांगायला लाजू नये. आणि तशी लाज वाटायला लावतो ते आपण, पाहुणे. फोनवर एसी, पूल, पनीर ह्या क्रमाने विचारणारे. त्या प्रश्नांना घाबरून किनाऱ्यावरचं प्रत्येक घर हळूहळू एकसारखं हॉटेल होत जाणार, आणि मग आपणच म्हणणार की कोकण पूर्वीसारखं राहिलं नाही. शनिवार-रविवारचं काशीद आताच एक छोटं शहर झालेलं असतं, गाड्यांची रांग, वाळूवरच्या मोटारी, केळ्याच्या आकाराच्या होड्या. ते थांबवणं आपल्या हातात नाही. उंबरठ्याच्या आत काय मागायचं ते मात्र आहे.

दुसरी गोष्ट पैशांची. घरपण आवडतं तर त्याचे पैसे द्यावेत. ऱ्योकानमध्ये मी एका रात्रीचे जे मोजले त्यात काशीदला आमचं निम्मं कुटुंब राहिलं असतं. तिथे घासाघीस करायचं मनातही आलं नव्हतं.

परत येताना बाबांच्या गुडघ्यांसाठी वाट वाकडी करून रोह्यावरून पालीला आलो आणि तिथून उन्हेऱ्याला गेलो. पुरुषांचं कुंड वेगळं, बायकांचं वेगळं. मी सवयीने साबणाची वडी हातात घेऊन उतरायला निघालो. पायरीवर एक आजोबा बसले होते. "ओ, साबण तिकडं. आधी बाहेर धुवून घ्या अंग, मग या," ते म्हणाले. आवाज अजिबात हळू नव्हता. आतेभाऊ माझ्याकडे बघून हसला. मी निमूट वडी ठेवली, बाहेर बादलीने अंग धुतलं, मग पाण्यात उतरलो. बाबा आधीच गळ्यापर्यंत बसले होते, डोळे मिटून.

गेल्या आठवड्यात काकूंना फोन केला. मार्चअखेरीस आम्ही पाच जण परत जातो आहोत. तारखा सांगितल्या, पैसे काकू म्हणाल्या तेवढेच कबूल केले. मग विचारलं, "रात्रीचं जेवण किती वाजता असतं?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा."

"नाही काकू, तुम्ही सांगा."

जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"आठ वाजता बसा," त्या म्हणाल्या. "आणि पनीर नाही करणार हां."